डेटन ते कोलंबस : सोळाव्या मानांकनाच्या संघामागे

मंगळवार, १४ मार्च २०२३ : एडिसन ते डेटन

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी मार्चच्या मध्याला सुरू होते आणि पुढचे तीन आठवडे कचेरीत, न्हाव्याच्या दुकानात, विमानतळावर दुसरा विषय निघत नाही. ६८ संघ, चार विभाग, प्रत्येक विभागात एक (सर्वांत वरचे) ते सोळा अशी मानांकने, आणि एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा, असा तिचा सरळ हिशेब असतो. माझी भाची न्यू जर्सीतील टीनेक येथे फेअरली डिकिन्सन विद्यापीठात एम.एस. करते. रविवारी संध्याकाळी संघांची यादी जाहीर झाली, त्यात तिच्या विद्यापीठाचे नाव सोळाव्या मानांकनावर आले, आणि लगोलग तिचा फोन आला. "मामा, आपण जाऊ या. आमचा संघ पुन्हा कधी इथवर येईल कोण जाणे." मी रजा टाकली.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून ओहायो राज्यातले डेटन नऊशे किलोमीटरहून अधिक आहे. आम्ही अंधार असतानाच निघालो, कारण ईशान्येकडे वादळ घोंघावत होते आणि न्यू जर्सीत वारा चांगलाच सुटला होता. पेनसिल्वेनियाचे डोंगर आणि बोगदे मागे पडेपर्यंत भाचीने मला आपल्या संघाची सगळी हकिकत सांगून टाकली, आणि ती ऐकण्यासारखी होती. आदल्या हंगामात या संघाने चार सामने जिंकले होते आणि २२ गमावले होते. मग २०२२ च्या मे महिन्यात टोबिन अँडरसन हे नवे प्रशिक्षक आले. त्याआधी ते न्यूयॉर्क राज्यातील सेंट थॉमस ॲक्वायनस या दुसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयाचा संघ सांभाळत होते. येताना त्यांनी तिथले तीन खेळाडू बरोबर आणले : डिमेट्री रॉबर्ट्स, ग्रँट सिंगलटन आणि शॉन मूर. रॉबर्ट्सची उंची ५ फूट ८ इंच आणि सिंगलटनची ५ फूट ९ इंच. पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या ३६३ संघांत सरासरी उंचीच्या बाबतीत हा संघ सर्वांत खाली होता.

शिवाय त्यांनी आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची, अंतिम लढतही जिंकलेली नव्हती. मेरिमॅक महाविद्यालयाने त्यांना ६७-६६ असे एका गुणाने हरवले होते. परंतु मेरिमॅक दुसऱ्या श्रेणीतून नुकतेच वर आलेले असल्यामुळे, नियमाप्रमाणे ठरलेली काही वर्षे पूर्ण होईपर्यंत, ते राष्ट्रीय स्पर्धेला पात्र नव्हते, आणि म्हणून विजेत्याची जागा उपविजेत्याला मिळाली. असा संघ दिसला की लोक त्याला नशीबवान म्हणून बाजूला सारतात. मला मात्र चार विजयांवरून १९ विजयांवर एका वर्षात येणे ही मोठी गोष्ट वाटली, आणि ती नशिबाने होत नाही.

डेटनला पोचायला रात्र झाली. हॉटेलच्या दूरचित्रवाणीवर पिट्सबर्ग आणि मिसिसिपी स्टेट यांच्या सामन्याचा शेवट तेवढा पाहायला मिळाला. जमारियस बर्टनने शेवटच्या दहा सेकंदांच्या सुमारास चेंडू जाळ्यात टाकला आणि पिट्सबर्गने ६०-५९ अशी बाजी मारली.

बुधवार, १५ मार्च : डेटन

सकाळी राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानाची जागा पाहून घेतली. दुपारनंतर सारे लक्ष स्टेडियमकडे होते.

मुख्य ६४ संघांचा तक्ता पुरा करण्यासाठी आधी चार सामने खेळवले जातात आणि ते डेटन विद्यापीठाच्या यूडी अरीनात होतात. त्यांतल्या दोन सामन्यांत स्वबळावर पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत खालचे चार संघ असतात, तर उरलेल्या दोन सामन्यांत निवड समितीने सर्वांत शेवटी घेतलेले चार संघ. २००१ मध्ये असा एकच सामना होत असे, तेव्हापासून डेटन हे त्याचे माहेरघर आहे, आणि या स्पर्धेचे जितके सामने या एका वास्तूत झाले तितके अन्यत्र कुठेही झालेले नाहीत. १९६९ पासूनची ही इमारत बाहेरून साधीच आहे. आत मात्र बाके मैदानाच्या इतकी जवळ आहेत की बुटांचे करकरणे स्पष्ट ऐकू येते. येथील लोकांचे मला फार कौतुक वाटले. ज्या गावांची नावेही त्यांनी कधी ऐकली नसतील, अशा गावांच्या मुलांसाठी ते बुधवारी संध्याकाळी काम आटोपून, पोराबाळांना घेऊन येतात आणि चांगल्या खेळाला मनापासून दाद देतात. आमच्या मागच्या रांगेतील आजोबांनी भाचीच्या अंगातला विद्यापीठाचा सदरा पाहून रॉबर्ट्सविषयी विचारपूस केली आणि मग सामनाभर ते आमच्याच बाजूने ओरडत राहिले.

प्रतिस्पर्धी होता ह्यूस्टनचा टेक्सस सदर्न. फेअरली डिकिन्सनने तो सामना ८४-६१ असा जिंकला, ॲन्सली अल्मोनोरने २३ गुण केले. पण गुणफलकापेक्षा मला जे दिसले ते सांगितले पाहिजे. आमचे गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारे खेळाडू, प्रतिस्पर्ध्याला आपल्या अर्ध्यात येऊ देण्याची वाट पाहत नव्हते. बास्केट झाली रे झाली की ते मैदानाच्या दुसऱ्या टोकालाच समोरच्याच्या छातीला छाती भिडवून उभे राहत. चेंडू आत फेकायला पाच सेकंद, आणि अर्धे मैदान पार करायला दहा सेकंद. त्या पंधरा सेकंदांतला प्रत्येक क्षण ते समोरच्याला महाग करत होते. रॉबर्ट्सचा ड्रिबल गुडघ्याच्याही खाली असतो. चेंडू जमिनीपासून वीतभर वर येतो न येतो तोच परत खाली जातो, त्यामुळे उंच खेळाडूला तो हिसकावण्यासाठी कमरेत वाकावे लागते, आणि वाकलेला माणूस तेवढ्या वेळापुरता हललेला असतो. माझे लहानपण मुंबईत भायखळ्याच्या बाजूला गेले. नागपाड्याला मस्तान तलावाच्या मैदानावर संध्याकाळी जी पोरे खेळत, त्यांचा चेंडू असाच जमिनीलगत राहत असे. कमी उंचीच्या खेळाडूचे हे रीतसर शिकलेले शास्त्र आहे, आणि ते अंगी येण्यासाठी वर्षे खर्ची पडतात.

दुसऱ्या सामन्यात ॲरिझोना स्टेटने नेवाडाचा ९८-७३ असा फडशा पाडला. त्यात चुरस अशी नव्हतीच, म्हणून आम्ही मध्यंतरानंतर उठलो.

रात्री भाचीने फोनवर एक चित्रफीत दाखवली. विजयानंतर ड्रेसिंग रूममध्ये अँडरसन आपल्या मुलांना सांगत होते की पर्ड्यूचा खेळ जितका जास्त पाहतो तितके मला वाटते की आपण त्यांना हरवू शकतो. शुक्रवारी पर्ड्यूशीच गाठ होती, आणि पर्ड्यू हा पूर्व विभागाचा अव्वल मानांकित संघ होता. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाच्या संघांत १५१ सामने झाले होते आणि त्यांतला फक्त एक सोळाव्याने जिंकला होता : १६ मार्च २०१८ रोजी शार्लट येथे मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले होते.

गुरुवार, १६ मार्च : कोलंबस

डेटनहून कोलंबस जेमतेम सव्वा तासाचा रस्ता. नेशनवाइड अरीना हे एरवी बर्फावरच्या हॉकीचे स्टेडियम, शहराच्या मध्यवस्तीत. सामन्यांच्या आदल्या दिवशी संघांचा सराव पाहायला मिळतो, म्हणून आम्ही सामान हॉटेलात टाकून तडक तिकडे गेलो.

पर्ड्यूच्या झॅक ईडीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याच्या उंचीची कल्पना येत नाही. तो ७ फूट ४ इंच उंच आहे. चेंडू त्याच्या एका पंजात सहज मावतो आणि त्याचे सहकारी, जे स्वतः साडेसहा फुटांच्या आसपास आहेत, त्याच्याशी बोलताना मान वर करतात. त्या हंगामात देशातील सर्वोत्तम खेळाडूचे मान त्यालाच मिळाले. पर्ड्यूने बिग टेन कॉन्फरन्सची साखळीही जिंकली होती आणि तिची अंतिम स्पर्धाही. इंडियानातून त्यांचे पाठीराखे मोटारी भरभरून आले होते, आणि कोलंबसच्या रस्त्यांवर त्यांचा काळा-सोनेरी रंग उठून दिसत होता. अँडरसन यांच्या त्या चित्रफितीची बातमी सर्वांपर्यंत पोचलेली होती. काहींना ती उद्धटपणाची वाटली, बरेच जण हसून सोडून देत होते. उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर पर्ड्यूच्या चार तरुणांची, किती गुणांनी जिंकणार, यावर पैज चालू होती. सट्टेबाजांच्या आकड्यांप्रमाणे पर्ड्यूचे पारडे २३ गुणांहून अधिक जड होते.

त्याच दिवशी इतर शहरांत पहिल्या फेरीला तोंड फुटले होते. दुपारी ऑर्लँडोत फरमन विद्यापीठाने व्हर्जिनियाला ६८-६७ असे शेवटच्या क्षणी गाठले. संध्याकाळी सॅक्रामेंटोत पंधराव्या मानांकनाच्या प्रिन्स्टनने दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला ५९-५५ असे हरवले. शेवटचे नऊ गुण सलग प्रिन्स्टनचे होते. ॲरिझोनाला अखेरच्या चार-साडेचार मिनिटांत एकही गुण करता आला नाही. प्रिन्स्टन आमच्या एडिसनपासून हाकेच्या अंतरावर. हॉटेलच्या लॉबीत मिशिगन, विस्कॉन्सिन, टेनेसी अशा ठिकठिकाणचे लोक एकाच पडद्यासमोर उभे होते, आणि शेवटची शिट्टी वाजताच त्यांतले निम्मे, प्रिन्स्टनशी काडीचाही संबंध नसताना, टाळ्या पिटत होते. आदल्या वर्षी जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने पंधराव्या मानांकनावरून उपांत्यपूर्व टप्पा गाठला होता. भाची म्हणाली, "मामा, न्यू जर्सीचे दोन झाले. आता तिसरे आम्ही."

शुक्रवार, १७ मार्च : कोलंबस

सेंट पॅट्रिकचा सण असल्यामुळे सकाळपासून शहर हिरव्या कपड्यांनी भरले होते. दुपारच्या सत्रात मिशिगन स्टेट आणि मार्केट विद्यापीठ यांनी आपापले सामने जिंकले. आमची तिकिटे संध्याकाळच्या सत्राची होती, आणि या सत्राच्या तिकिटाचीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून त्या रात्रीचा आवाज समजणार नाही. एका तिकिटावर दोन सामने पाहायला मिळतात. त्यामुळे साडेनऊच्या मेम्फिस-फ्लोरिडा अटलांटिक सामन्यासाठी आलेले प्रेक्षक सातपासूनच बसलेले असतात. त्यांना पहिल्या सामन्यात कोणाची बाजू घ्यायची सक्ती नसते, आणि अशा वेळी बहुतेक माणसे लहानाच्या बाजूला झुकतात. सुरुवातीला स्टेडियम पर्ड्यूचे होते. पाऊण तासाने ते पर्ड्यूचे राहिले नव्हते.

ईडीला रोखण्यासाठी अँडरसन यांनी काय केले ते आम्ही वरच्या मजल्यावरून स्पष्ट पाहत होतो. कबड्डीत धिप्पाड चढाईपटूवर एकट्याने कोणी झेप घेत नाही, साखळी करून त्याची वाट बंद करतात. तसे येथे एक जण ईडीच्या पुढ्यात उभा राहून त्याच्याकडे येणारा पास तोडायचा, दुसरा पाठीला लागून असायचा. अर्थात त्यामुळे पर्ड्यूचा कोणी ना कोणी बाहेर मोकळा राहणारच. तो कोण राहील हे आमच्या प्रशिक्षकांनी आधीच ठरवले होते : ज्याचा लांबचा नेम कच्चा तो. पर्ड्यूने तीन गुणांचे २६ फटके मारले आणि त्यांतले केवळ पाच आत गेले. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे त्यांचे दोन्ही गार्ड पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. त्यांच्या अंगावर रॉबर्ट्स आणि सिंगलटन पूर्ण मैदानभर चिकटून होते. पर्ड्यूने १६ वेळा चेंडू गमावला. ईडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) मिळवले, तो कुठेही कमी पडला नाही. पण संपूर्ण सामन्यात त्याच्या वाट्याला फटके आले ते अवघे ११. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाती चेंडूच पोचू द्यायचा नाही, हा बेत होता आणि तो तडीस गेला.

मध्यंतराला फेअरली डिकिन्सन ३२-३१ असे एका गुणाने पुढे होते. तेव्हा भोवतालचे लोक म्हणत होते की दुसऱ्या सत्रात दमतील. पर्ड्यू पुढे गेलेही, परंतु दमले ते पर्ड्यूचे. मेम्फिसचे निळे सदरे आता उभे राहून आमच्या प्रत्येक बास्केटला ओरडत होते. कोलंबस परिसरातच वाढलेला शॉन मूर आपल्या घरच्यांसमोर खेळत होता. मिनिटभर बाकी असताना त्याने बऱ्याच लांबून तीन गुणांचा फटका मारला आणि फलक ६१-५६ झाला. त्या क्षणी भाचीने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. अखेरच्या सेकंदांत बरोबरी साधू शकणारा लॉयरचा फटका चुकला. ६३-५८. मूरचे १९ गुण. शिट्टी वाजल्यावर आमचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी एकमेकांच्या अंगावर पडले, आणि वीस मिनिटांपूर्वी ज्यांना रॉबर्ट्स कोण हे ठाऊक नव्हते अशी माणसे परक्यांना मिठ्या मारत होती.

आमच्या उजवीकडे पर्ड्यूचे एक वयस्कर जोडपे होते. आजी डोळे पुसत होत्या. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या वाट्याला काय आले होते हे आठवले की त्यांचे दुःख कळते : २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाचा नॉर्थ टेक्सस, २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाचा सेंट पीटर्स, आणि आता हे. तरीही आजोबा जागचे हलले नाहीत. आमचा संघ आत जाईपर्यंत ते उभे होते, मग भाचीशी हस्तांदोलन करून म्हणाले की तुमच्या मुलांनी हे कष्टाने मिळवले आहे, कोणी तुम्हाला दान दिलेले नाही. त्या रात्री ऐकलेल्या सगळ्या प्रतिक्रियांत मला ही सर्वांत खरी वाटली.

त्यानंतरच्या सामन्यात फ्लोरिडा अटलांटिकने निक बॉयडच्या शेवटच्या तीन सेकंदांतल्या बास्केटवर मेम्फिसला ६६-६५ असे हरवले. दोन तास आमच्यासाठी घसा बसवून घेतलेले मेम्फिसचे लोक निमूटपणे जिने उतरले, आणि त्यांच्यासाठी मला खरोखर वाईट वाटले.

शनिवार, १८ मार्च : कोलंबस

सामन्यांना सुट्टी असल्यामुळे दिवसभर लोकांचे बोलणे ऐकण्याखेरीज काही काम नव्हते. न्याहारीच्या वेळी हॉटेलातले काळे-सोनेरी सदरे जवळजवळ दिसेनासे झाले होते. बहुतेक जण पहाटेच इंडियानाला परतले असावेत. दूरचित्रवाणीवर, वर्तमानपत्रांत आणि लिफ्टमध्ये एकच शब्द चालला होता : चमत्कार. सांगलीहून ताईचा फोन आला तेव्हा तिनेही तोच वापरला, आणि आपल्या लेकीचे कॉलेज एकदम जगाला कळले याचा तिला फार आनंद झाला होता.

मला चमत्कार म्हणणे मान्य नाही, आणि ते मी भाचीला कॉफी पिता पिता पुन्हा पुन्हा सांगत होतो. चमत्कार म्हटले की त्या मुलांचे श्रेय आपण काढून घेतो. जो संघ सामन्यापूर्वीच कोणाला मोकळे सोडायचे हे ठरवतो, जो गार्डच्या प्रत्येक पावलाला किंमत लावतो, ज्याचे तीन प्रमुख खेळाडू आपल्या प्रशिक्षकाच्या पद्धतीत आधीपासून तयार झालेले आहेत, त्याच्या विजयाला कारणे आहेत आणि ती बोट ठेवून दाखवता येतात. दुसरी प्रतिक्रिया याच्या उलट टोकाची होती : पर्ड्यूने माती खाल्ली. हीही मला अन्यायाची वाटली. पर्ड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी पत्रकारांसमोर सबबी सांगितल्या नाहीत आणि प्रतिस्पर्ध्यांची मोकळ्या मनाने स्तुती केली. अँडरसन यांनीही आपल्या त्या ड्रेसिंग रूममधल्या वाक्यात पर्ड्यूचा अनादर नव्हता असे आवर्जून स्पष्ट केले. प्रशिक्षकाने आपल्या मुलांना तुम्ही जिंकाल असे सांगायचे नाही, तर काय सांगायचे?

दुसऱ्या फेरीत प्रिन्स्टनने मिसुरीला ७८-६३ असे सहज हरवल्याचे कळले, तेव्हा भाचीने टीनेकच्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावले. वसतिगृहात रात्रभर कोणी झोपले नव्हते म्हणे. क्रिकेटखेरीज दुसरा खेळ न पाहिलेली हैदराबादची आणि नागपूरची मुले तिला फ्री थ्रो म्हणजे काय हे विचारत होती, आणि ती अत्यंत गांभीर्याने समजावून सांगत होती.

रविवार, १९ मार्च : कोलंबस

फ्लोरिडा अटलांटिकविरुद्धचा सामना वेगळ्या जातीचा होता. या संघात ईडीसारखा एकच केंद्रबिंदू नव्हता; पाचही जण धावणारे, पाचही जण बाहेरून फटका मारू शकणारे. त्यामुळे कोणाला मोकळे सोडावे या प्रश्नाला या वेळी उत्तरच नव्हते. प्रशिक्षक डस्टी मे यांनी आमच्या दबावावर तोडही बरोबर काढली होती : चेंडू ड्रिबल करत न आणता दोन-तीन छोट्या पासांत अर्धे मैदान पार करायचे. जॉनेल डेव्हिसने २९ गुण आणि १२ रिबाउंड मिळवले. रॉबर्ट्सने २० गुण करून शेवटपर्यंत किल्ला लढवला, पण निकाल ७८-७० असा विरुद्ध गेला.

शेवटच्या मिनिटात अँडरसन यांनी आपल्या खेळाडूंना बाहेर घेतले, तेव्हा फ्लोरिडाच्या बाजूचे प्रेक्षकही उभे राहिले. भाची रडली. मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. हरल्यावर रडू यावे इतके आपले काहीतरी असणे चांगलेच आहे. संघाचा हंगाम २१ विजय आणि १६ पराभवांवर थांबला.

सोमवार, २० मार्च : परतीची वाट

पेनसिल्वेनियात ऊन होते आणि रस्ता मोकळा होता. बहुतेक वेळ आम्ही कालचा सामना पुन्हा खेळत होतो : डेव्हिसवर सिंगलटनऐवजी मूरला ठेवले असते तर, दुसऱ्या सत्रात दबाव थोडा मागे घेतला असता तर. भाचीचे म्हणणे असे की दबाव मागे घेतला असता तर तो आपला संघच राहिला नसता, आणि मला ते पटले.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. मंगळवारी अँडरसन यांची न्यूयॉर्क राज्यातल्या आयोना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर झाली. टीनेकच्या विद्यार्थ्यांना वाईट वाटले, तरी ज्याने दुसऱ्या श्रेणीत इतकी वर्षे काढली त्याला मोठी संधी नाकारायला सांगणे बरोबर झाले नसते. फ्लोरिडा अटलांटिकने त्यापूर्वी या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. तो संघ थेट ह्यूस्टनला अंतिम चारांत पोचला आणि तिथे सॅन डिएगो स्टेटकडून ७२-७१ असा अगदी शेवटच्या फटक्यावर हरला. आणि पर्ड्यूने तोच ईडी, तेच स्मिथ आणि लॉयर घेऊन २०२४ मध्ये अंतिम सामना गाठला. कनेटिकटने त्यांना त्यात हरवले, पण कोलंबसच्या त्या आजी-आजोबांनी तो सामना नक्की पाहिला असेल, आणि त्या रात्री आम्ही दोघेही, भाचीच्या विद्यापीठाचा सदरा तिच्या अंगात असतानाच, पर्ड्यूच्या बाजूने ओरडत होतो.